झालासाहेबांचा पत्ता

पुणे, ५ ऑगस्ट १९९९

ती. आत्यास,

फोन केला की तू "मीटर पळून राह्यलंय, ठेव" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. म्हणून हे पत्र.

माझ्या नोकरीवर बेतलं आहे. तुझ्या खानावळीवर गोदातट रोडलाईन्सचे ट्रक थांबतात ना, त्याच कंपनीचं काम आमच्याकडे आलंय. त्यांच्याकडे १९८१ सालचा एक कॉम्प्युटर होता, अख्ख्या खोलीएवढा. तो मागच्या महिन्यात भंगारात गेला. पण त्याच्यावर चालणारा प्रोग्राम, म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांचा पगार काढायच्या सूचना, त्या त्यांनी ठेवल्या आहेत. त्या नव्याने लिहायची कुणाची छाती होत नाही. म्हणून तोच जुना प्रोग्राम आम्ही टेबलाखाली मावणाऱ्या नव्या कॉम्प्युटरवर चालवतोय. नव्याने जुन्यासारखं वागायचं, म्हणजे प्रोग्रामला घर बदललेलं कळत नाही, अशी युक्ती आहे.

पण प्रोग्राम सुरू केला की पहिल्याच पायरीवर अडतो. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ येते आणि पुढे काही नाही. जुना ऑपरेटर वारला, तो काय करायचा हे कुणालाच ठाऊक नाही. आमचे कुरियनसाहेब केरळचे, पण राजकोटला वाढलेले. त्यांनी ओळ बघताच सांगितलं, हे एका माणसाचं नाव आहे. श्री. जीवन झाला. 'झाला' हे गुजरातेत आडनाव असतं, साहेबांच्या शेजारीच एक झाला राहायचे. पुढे एन, एच, ए, आय अशी चार अक्षरं आहेत, ते हायवेच्या सरकारी खात्याचं नाव. ट्रकची कंपनी, हायवेचं खातं, बरोबर जुळतं. या झालासाहेबांची परवानगी लागत असणार.

३० सप्टेंबरला नव्या कॉम्प्युटरवर पगार निघाला नाही तर मला काढतील, साहेबांनी तोंडावर सांगितलंय. आणि नोकरी गेली तर बदनापूरचे धर्मराजकाका कौसल्या मला देणार नाहीत. आत्या, मी तिला एकदाच पाहिलंय, पण आता दुसरी नको.

प्रोग्रामच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव आहे: अप्पाराव, जालना. त्यांचा तपास कर. आणि ड्रायव्हरांना झालासाहेबांबद्दल विचार.

तुझा,
बद्रीनाथ

---

वडीगोद्री, १४ ऑगस्ट

बद्री,

आशीर्वाद हाय, पन आधी बोलणी खा. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथी पास बाईनं एवढं वाचायचं म्हंजे दोन तव्यावरच्या भाकरी करपल्या.

खोलीएवढी मशीन इकली आन तिच्या पोटातलं तेवढं काढून ठिवलं, हे डोस्क्याचं काम हाय का? आन नवीन मशीननं जुनीचं सोंग करायचं. अरे, आमची म्हैस माझ्याबिगर धार देत न्हाई. मी अंबडला लग्नाला गेल्ते तवा तुझे मामा माझं लुगडं नेसून चरवी घेऊन बसले. म्हशीनं आधी वास घेतला, मंग लात घातली. तुमच्या प्रोग्रामनं वास घेतलाय, एवढं मी इथून सांगते.

आता तुझ्या झालासाहेबाचं. गोदातटचे तीन ट्रक सोमवारी एकदम आले. मी पहिल्यापाशी गेले आन सरळ विचारलं,

"जीवन झाला?"

"झालं मावशी, फस्ट क्लास," म्हनला आन हात धुवायला उठला.

दुसऱ्याला विचारलं, "जीवन झाला?"

"अजून कुठं? कालवण तरी येऊ द्या."

तिसरा आपला संपत, पाथर्डीचा, कायमचा गिऱ्हाईक. त्याला जरा दमात घेतलं. "संपत, खरं सांग. जीवन झाला?"

तो माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला. "मावशी, तुम्हीच वाढलं ना आत्ता? का माझ्या खाण्यावर नजर हाय तुमची?"

म्हंजे बघ. साध्या प्रश्नाला एकानं सरळ उत्तर दिलं न्हाई, जो तो आपल्या पोटाचं सांगून राह्यला. मला तर बिलकुल पटलंय, ह्या झालासाहेबाला सगळे भेतेत. नाव काढलं की विषय बदलतेत. मानूस जबर असणार. जपून राह्य.

अप्पाराव म्हनशील तर जालना काय एक गल्ली हाय? नवीन जालन्यातच चार अप्पाराव निघतील. कौसल्येला निरोप धाडलाय, ती बदनापूर ठेसनावर रोजच्या जाना-येनाऱ्यांत चौकशी करून राह्यली. पोरगी हुशार हाय, तुझ्यापेक्षा.

तिचा बाप परवा येऊन चहा पिऊन गेला. म्हनतो नवीन जालन्यात एक बँकेतला पोरगा हाय, त्याची नोकरी कुठल्या मशीनवर अडत न्हाई. मी म्हनलं, धर्मराज, शब्द दिलाय तुम्ही. तर म्हनतो, नोकरीवाल्याला दिलाय. आता तू अन तुझा झाला. माझं नाक तुमच्या दोघांच्या हातात हाय.

आत्या

---

पुणे, २८ ऑगस्ट

ती. आत्यास,

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं (म्हशीचा भाग सोडून). ड्रायव्हर नाव ऐकताच विषय बदलतात, हे ऐकून ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "मला वाटलंच होतं."

त्यांनी हायवेच्या खात्याला रजिस्टर पत्र घातलं. उत्तर आलं की आमच्याकडे झाला नावाचे कुणी नाहीत, आणि १९८१ साली आमचं खातंच नव्हतं. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. साहेब म्हणाले, "म्हणजे हा झाला खात्याच्याही आधीपासून आहे," आणि त्याच रात्रीच्या गाडीने राजकोटला गेले. तिथे झाला आडनावाची माणसं फार आहेत म्हणे. ते एकेका दारावर जाताहेत.

इकडे आम्ही त्या ओळीखाली सगळं टाईप करून पाहिलं. हो. नाही. कृपया. साहेबांचं पूर्ण नाव. शेवटी एकाने शिवी टाईप केली. काही केलं तरी तीच ओळ जागच्या जागी, ढिम्म. इकडे कारकून हाताने पगार काढताहेत आणि ट्रकवाले खिडकीपाशी येऊन दंगा करताहेत.

पडद्यावरची अक्षरं जशीच्या तशी एका पट्टीवर मोठी काढून सोबत पाठवतोय. इंग्रजी वाचता येणारा जुना ड्रायव्हर कुणी भेटला तर दाखव. नुसती दाखव, तू बोलू नकोस. तू बोललीस की लोक घाबरतात.

कौसल्या काय म्हणाली? अप्पारावांबद्दल नव्हे, एकूण.

तुझा,
बद्रीनाथ

---

वडीगोद्री, ९ सप्टेंबर

बद्री,

पानी पी. पिलं का? आता बस आन वाच.

तुझी पट्टी घेऊन आमचे पोस्टमन महेमूदभाई भर दुपारी आले. इंग्रजी पत्ते तेच वाचतेत, मंग म्हनलं ड्रायव्हर कशाला हुडका. पट्टी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, हात लांब केला आन एकेक करून वाचलं,

"जेवन. झाला. न्हाई."

मी म्हनलं, "अहो महेमूदभाई, मंग आधी सांगायचं की! बसा." मी पिठलं, दोन भाकरी, ठेचा वाढला. ते "अरे, अरे" करत राह्यले, मी ऐकते का? ताट रिकामं झालं. वरून ताक दिलं.

"हां," मी म्हनलं, "आता वाचा काय लिहिलंय."

त्यांनी पुन्हा पट्टी धरली. "जेवन झाला न्हाई."

माझं डोस्कंच फिरलं. "महेमूदभाई! माझ्या डोळ्यादेखत दोन भाकरी हाणल्या ना आत्ता? माझं ताट खोटं पडलं का?"

ते बिचारे उठून उभे राह्यले. "अरे बाई, मैं किधर बोलतोय? ये कागज बोलतोय!"

मंग मी कागदाकडं पाह्यलं. मंग महेमूदभाईकडं. तवर संपत दारातून आत येऊन राह्यला होता, त्यानं मला लांबूनच हात जोडले आन म्हनला, "झालं न्हाई मावशी, आज इचारायच्या आधीच सांगतो."

बद्री! गाढवा! तुमचा जीवन झाला कुठला मानूस न्हाई. ती मशीन सांगून राह्यली की जेवन झालं न्हाई. ते हायवेचं खातं म्हंजे आमची न्हाई हाय, रोजच्या बोलन्यातली. पुन्यात राहून तुम्ही सारखं "नाही, नाही" करता, म्हनून "न्हाई" दिसली की तुम्हाला त्यात सरकार दिसतं. तुझा बाप वडीगोद्रीचा, तुझा आजा वडीगोद्रीचा, आन तुला घरची बोली वाचता येऊ नये? तुला इंग्रजी शाळेत घातलं तवाच मी भावाला म्हनलं होतं.

कुरियनसाहेबाला जल्दी परत बोलाव. लोकांच्या दारावर जाऊन "जेवन झाला का" विचारत असंल तर तिथले त्याला भिकारी समजतील.

आता मशीन उपाशी हाय का मानूस, ते मला ठाऊक न्हाई. पन उपाशाला काय म्हनायचं ते ठाऊक हाय. जेवून घ्या आन झालं म्हना.

कौसल्येला हे सांगितलं. ती वट्ट्यावर बसून एवढी हसली की शेजारच्या नंदाबाई विचारायला आल्या, काय झालं. एकूण ती हेच म्हनाली.

आत्या

---

पुणे, १७ सप्टेंबर

ती. आत्यास,

तुझं पत्र मी जिन्यात वाचलं आणि तिथेच बसलो. मग वर गेलो, पडद्यासमोर उभं राहून ती ओळ मोठ्याने वाचली. महिनाभर रोज बघत होतो आत्या. एकदा माणूस दिसला की मग माणूसच दिसतो.

साहेबांना राजकोटला फोन लावला. तोवर उशीर झाला होता. त्यांना जीवन झाला सापडले! जीवणभाई झाला, कापडाच्या दुकानातून निवृत्त. त्यांना आयुष्यात कुणी असं शोधत आलं नव्हतं. ते म्हणाले, तुमच्या कॉम्प्युटरला माझी गरज असेल तर मी येतो. आता साहेब त्यांना घेऊन आलेत आणि परत कसं पाठवायचं हे कळत नाही. ते कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहतात, सकाळी पर्वती चढतात आणि दुपारी येऊन कॉम्प्युटरसमोर हात जोडून बसतात.

पण खरं संकट संपलेलं नाही. मी 'झालं' टाईप केलं. पुन्हा तीच ओळ. 'जेवलो' टाईप केलं. तीच ओळ. खोटं चालत नसेल म्हणून खरोखर थाळी जेवून आलो, हात न धुता टाईप केलं. तीच ओळ! जीवणभाईंनी ढोकळ्याचा डबा पडद्यापुढे ठेवला. साहेबांनी त्यांना थांबवलं नाही, उलट अगरबत्ती लावू का विचारलं. इतकी वेळ आलीय.

महिनाअखेर जवळ आली. माझ्या जागी घ्यायला दुसऱ्या मुलाची मुलाखतसुद्धा झाली. अप्पाराव सापडले नाहीत तर मला बॅग भरावी लागेल. धर्मराजकाकांना यातलं काही सांगू नकोस. कौसल्येला सांग.

तुझा,
बद्रीनाथ

---

वडीगोद्री, २३ सप्टेंबर

बद्री,

सापडला. हे पत्र संपतच्या हाती धाडून राह्यले, तो उद्या पुन्यात उतरतो.

कौसल्येनंच हुडकला. बदनापूर ठेसनाच्या बाकड्यावर एक म्हातारा रोज बसतो आन गाडी उशिरा आली की ठेसनमास्तरशी भांडतो. कुठं जायचं नसतं त्याला. हिनं विचारलं तर म्हने पुन्याला ट्रक कंपनीत मशीनीवर होतो. मी पहिल्या एस्टीनं गेले. खानावळ तुझ्या मामाच्या भरवशावर टाकली, म्हंजे किती खर्चा पडला असंल ते समज.

"तुम्हीच का ते मशीनवाले अप्पाराव?"

"कोन इचारतंय?"

"तुमची मशीन जेवलात का म्हनून भंडावते, आन झालं म्हनलं तर ऐकत न्हाई."

म्हातारा ताडकन उठला. "ती मशीन अजून चालू हाय?"

"मशीन भंगारात गेली. तुमचा प्रोग्राम गेला न्हाई."

"अहो बाई, अठरा वर्सं?" त्यानं कपाळाला हात लावला. "मी तो दोन महिन्यापुरता लिहिला होता! त्याच्यानंतर चांगला लिहू म्हनलं होतं!"

"मंग काहून न्हाई लिहिला?"

"चालत होता म्हनून."

कौसल्या तोंडाला पदर लावून हसून राह्यली. मी तिला डोळे वटारले आन म्हाताऱ्याला खाली बसवलं.

तर ऐक, त्यानं सांगितलं तसं लिहिते. तवाचा ऑपरेटर काम सुरू करून द्यायचा आन मधेच जेवायला निघून जायचा. मशीन पगार काढताना मधी टेप बदलावी लागायची, आन हा डबा उघडून बसलेला. मंग समदं पहिल्यापासून करावं लागायचं. म्हनून अप्पारावनं मशीनीलाच शिकवलं. सुरू झाली की आधी सांगायचं, जेवन झाला न्हाई. म्हंजे जा, जेवून ये. मंग मशीननं मनातल्या मनात एक मोठा आकडा मोजायचा. जुन्या मशीनीला तो मोजायला अर्धा तास लागायचा, तवर मानूस जेवून येऊन झालं म्हनून लिहून ठिवायचा. मोजून झालं की मशीन बघायची. झालं लिहिलं असंल तर पुढं, नसंल तर जे अर्धवट लिहिलंय ते पुसायचं आन पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

"मंग आता काय बिघडलं?" मी विचारलं.

"नवीन मशीन लई पळते," म्हातारा म्हनला. "अर्ध्या तासाचं मोजनं ती पापणी लवायच्या आत मोजून टाकते. तुमच्या पोराचं बोट खाली यायच्या आत ती विचारून, मोजून, पुसून, पुन्हा विचारून मोकळी. त्याला वाटतं ओळ तशीच हाय. ती दर वेळी नवीन असते."

म्हंजे प्रश्न विचारायचा आन उत्तराला थांबायचं न्हाई. कौसल्येचा बाप तसाच हाय, त्यामुळं मला बराबर समजलं.

मी निघाले तर तो मागून म्हनला, "त्या पोराला म्हनावं, मला लाज वाटते. पन जरा बरं बी वाटलं." लगेच वळून ठेसनमास्तरशी भांडाया गेला, गाडी लेट होती.

आता तुझं तू बघ. मी इथं एस्टीच्या धुरळ्यानं खोकून राह्यले.

आत्या

---

पुणे, २ ऑक्टोबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, आणि या वेळी मनापासून!

पगार निघाला!

मी साहेबांना म्हटलं, प्रोग्राममधला तो आकडा वाढवतो. ते ओरडलेच, "जुन्या प्रोग्रामच्या एका अक्षराला हात लावायचा नाही! त्याला काय काय जोडलंय देव जाणे." म्हणून आम्ही उलटं केलं. कंपनीचा सगळ्यात महागडा, सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर घेतला आणि त्याला बैलगाडीच्या चालीने चालायला लावलं. अगदी जुन्या खोलीएवढ्या मशीनच्या वेगाने.

परवा दुपारी सुरू केला. ओळ आली. सगळ्यांना जेवायला पाठवलं, कुणालाही भूक नव्हती. परत आलो, मी 'झालं' लिहून ठेवलं आणि सगळे घड्याळाकडे बघत बसलो. अर्धा तास भरला आणि ओळ गेली! पुढे सगळं सुरळीत, पण त्याच चालीने, त्यामुळे शेवटची पावती निघायला संध्याकाळ झाली. जीवणभाई रडले. त्यांना वाटतं त्यांच्या येण्यानेच झालं, आणि आम्ही ते तसंच राहू दिलं.

नोकरी पक्की झाली, कागदावर. पण साहेबांनी एक अट घातली आहे. हे प्रकरण फक्त मला कळतं, म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी मशीनपाशी हजर पाहिजे. रजा नाही, आजारपण नाही, काहीही नाही.

आणि कालच धर्मराजकाकांचं कार्ड आलं. मुहूर्त काढलाय, ३० नोव्हेंबर.

आत्या, तारीख बदलून दे. काहीही कर. कौसल्येचंही चार ओळींचं पत्र आलंय. विचारते, पळून जायचा विचार असेल तर आधी कळवा, म्हणजे मीही तयारी करते. ही चेष्टा आहे का?

तुझा,
बद्रीनाथ

---

वडीगोद्री, ११ ऑक्टोबर

बद्री,

धर्मराजाकडं जाऊन आले. तारीख हलत न्हाई. ह्याच्यानंतर मुहूर्त जमत न्हाई म्हनतो, आन त्या बँकेतल्या पोराचं अजून जमलं न्हाई, हे बी ऐकवलं. मी म्हनलं ठीक हाय, नवरा मशीनीपासून हलत न्हाई, तारीख पंचांगापासून हलत न्हाई, मंग नवरीच हलवू.

लग्न पुन्यात. तुमच्या कंपनीच्या मागं ट्रक लावायची मोकळी जागा हाय, संपतनं पाह्यली. मांडव तिथं. गोदातटचे ड्रायव्हर वऱ्हाड आणून राह्यले, त्यांचा पगार तुझ्या हातात असतो, ते न्हाई कशाला म्हनतील? धर्मराज ट्रकमधी पुढं बसायला मिळतंय का एवढंच विचारून राह्यलाय. अप्पारावला मी घेऊन येते. गाडी लेट झाली तर तो ठेसनावरच राह्यल, म्हनून ट्रकनंच.

मुहूर्त दुपारी बारा चाळीसचा. तू बारा तीसला मशीन सुरू कर, तिनं विचारलं की झालं म्हनून लिहून ठीव आन सरळ मांडवात ये. अर्धा तास ती मोजत बसंल. अर्ध्या तासात मंगलाष्टका, अक्षता, हार समदं होतं. भटजीला सांगितलंय, जास्त आळवायचं न्हाई. मंग तू आत जाऊन बघून ये, पुढं सरकली असंल तर परत येऊन फेरे घे. न्हाई सरकली तरी परत ये. अंतरपाट धरायला एका बाजूला तुझे साहेब, दुसऱ्या बाजूला ते झाला. त्यांना बी काम लागतं ना काहीतरी.

कौसल्येला हे समदं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आन एकच विचारलं, "आत्या, त्या दिवशी नवरदेवाला उपास असतो ना?"

"असतो की."

"मंग ते मशीनीला जेवन झालं म्हनून कसं सांगतील?"

हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मी म्हनलं, सांगंल खोटं. एवढ्यासाठी कोनी लग्न मोडतं का?

ती म्हनाली, "सांगू द्या. पन फक्त मशीनीलाच सांगा म्हनावं. मला खोटं सांगाल तर मी अर्धा तास मोजत बसायची न्हाई."

तेव्हा नीट ध्यानात ठीव. खोटं बोलायचं ते बारा तीसला, मशीनीपाशी, एकदाच. बारा चाळीसपासून बंद.

आत्या